वीतभर बुटकी रिंग

मी एक जुनी रिंग आहे, मित्रांनो. बोटातली नव्हे हं! बास्केटबॉलच्या मैदानावर खांबाच्या टोकाला एक फळी असते ना, त्या फळीला घट्ट बसवलेलं लोखंडी कडं म्हणजे मी. माझं सगळं आयुष्य एका कॉलेजच्या मैदानावर गेलं. समोरच्या टोकाला माझी जुळी बहीण आहे, पण ती पहिल्यापासून अबोल. बोलायचं काम माझ्याकडेच आलं.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. खिडक्यांचे गज करून सळई उरली होती, ती वाकवून त्याने आम्हा दोघींना घडवलं. म्हणजे मी खिडकीची चुलतबहीणच म्हणा ना. नारिंगी रंग लावला, खाली पांढरी जाळी बांधली आणि जमिनीपासून बरोब्बर दहा फुटांवर मला बसवलं. रिंगची उंची सगळीकडे तेवढीच असते. त्या दिवशी मी काय मिरवले म्हणून सांगू!

तेव्हा मैदान मातीचं होतं आणि मुलींचा संघ नावाची गोष्टच नव्हती. मुलांचा सराव संपला की पाच मुली घाबरत घाबरत यायच्या. खेळायला पाचजणी लागतात आणि या मोजून पाचच. एकीला सर्दी झाली की सामना रद्द. चेंडू मुलांनी टाकून दिलेला, एका बाजूने फुगलेला. कुंपणाबाहेरून जाणारे म्हणायचे, "पोरी हो, स्वयंपाक कधी शिकणार?" पोरी उत्तर द्यायच्या नाहीत. चेंडू मात्र फाडकन माझ्या फळीवर आपटायच्या, आणि टोमणा मारणाऱ्याचं ते उत्तर मला सोसावं लागायचं.

त्यांच्या कप्तानाला सगळ्याजणी 'लिंबू' म्हणत. सगळ्यात बुटकी म्हणून कच्चं लिंबू. पण पळायला लागली की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. या पोरींनी एक रीत पाडली होती. सराव संपला की प्रत्येकीने उडी मारून माझ्या जाळीला हात लावायचा आणि मगच घरी जायचं. बाकीच्या लावायच्या. लिंबूचा हात चार बोटं खालीच राहायचा. ती पुन्हा उडी मारायची, पुन्हा, पुन्हा. शेवटी दोघीजणी तिला उचलून धरायच्या आणि ती जाळीला टिचकी मारून ओरडायची, "झालं एकदाचं!" कॉलेज संपेपर्यंत तिला ते जमलं नाही, ते नाहीच.

हळूहळू संघ वाढला. पाचाच्या दहा झाल्या, नवा चेंडू आला, पोरी बाहेरगावच्या कॉलेजांना हरवून येऊ लागल्या. लिंबूच्या शेवटच्या वर्षी त्यांनी चक्क करंडक आणला. माझ्याखाली उभं राहून फोटो काढला. प्राचार्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं, "या मुलींना आता पक्कं मैदान!"

आणि इथेच घोटाळा झाला, मित्रांनो. कामगार आले. त्यांनी माती उकरली नाही. आहे त्या मातीवरच दगड पसरले, दगडांवर खडी, खडीवर काँक्रीट. मैदान देखणं झालं. सगळे वाकून वाकून जमीन बघत होते. कुणी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. जमीन वीतभर वर आली होती आणि आम्ही दोघी बहिणी होतो तिथेच होतो. दहा फुटांची मी वीतभर बुटकी झाले. मी बोंबलून सांगितलं असतं हो, पण लोखंडाचं कोण ऐकतं?

त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. पोरी आल्या, गेल्या. नव्या पोरींना वाटायचं, रिंग इतक्याच उंचीची असते. त्यांचे हात त्या उंचीला बसले. घरच्या मैदानावर त्यांचा नेम चुकायचा नाही. पाहुण्यांचे चेंडू मात्र माझ्या डोक्यावरून जायचे. पण आमच्या पोरी बाहेर खेळायला गेल्या, की त्यांचा प्रत्येक चेंडू आखूड पडायचा. स्पर्धेत एक सामना आपल्याकडे, एक त्यांच्याकडे आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज अशी पद्धत होती, म्हणून निभावलं. सगळे म्हणायचे, हा संघ घरात वाघ आणि बाहेर शेळी. ऐकून ऐकून माझ्या रंगाचे पोपडे निघाले. नवा रंगही कुणी लावला नाही.

अशात शिडी आली. ही लिंबूची सख्खी भाची. उंच, सडसडीत, म्हणून शिडी. फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रेषेवरून टाकायचा एका गुणाचा चेंडू, टाकायला उभी राहिली, की तो माझ्या कडेला न शिवता जाळीतून सळसळत खाली. असं सुख मला कुणी दिलं नव्हतं, खरंच सांगते. पण बाहेर गेली की तिचंही तेच. त्या वर्षी उपांत्य फेरीच्या बाहेरच्या सामन्यात शेवटी तिला दोन फ्री थ्रो मिळाले आणि दोन्ही आखूड पडले. घरच्या सामन्याच्या जोरावर संघ कसाबसा अंतिम फेरीत पोचला. पण परत आल्यावर तिच्या मॅडम, म्हणजे संघाच्या प्रशिक्षक, सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "हात चांगला आहे गं तुझा, पण काळीज सशाचं. भित्री आहेस तू. मावशी कुठे आणि तू कुठे!"

शिडीने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मग एका संध्याकाळी मैदान रिकामं असताना लिंबू तिला हाताला धरून घेऊन आली. लिंबू आता चाळिशी ओलांडलेली, कपडे शिवायचं दुकान चालवणारी. मी तिला लगेच ओळखलं.

"टाक," लिंबू म्हणाली.

"मावशी, मला नाही खेळायचं. जर्सी परत देऊन टाकणार आहे मी."

"दे की. आधी टाक."

शिडीने टाकला. सळ्‌ऽऽ! पुन्हा टाकला. पुन्हा आत. एकही चुकला नाही.

"अगं, सोन्याचा हात आहे तुझा!"

"इथे सोन्याचा. बाहेर गेलं की माती." शिडीचे डोळे भरून आले. "मॅडम बरोबर बोलल्या. मी भित्रीच आहे."

लिंबूला तिचं रडणं बघवेना. ती म्हणाली, "थांब, तुला हसवते. तुझ्या या शूर मावशीची कॉलेजभर कशी फजिती व्हायची, ते बघ." तिने चपला काढल्या, चार पावलं पळत आली आणि उडी मारली.

तिची बोटं माझ्या जाळीला लागली!

शिडी रडता रडता टाळ्या वाजवायला लागली. "मावशी! लागला की हात!"

पण लिंबू हसत नव्हती. तिने पुन्हा उडी मारली. पुन्हा हात लागला. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. "विशीत जे जमलं नाही ते आता जमतंय? गुडघे कुरकुरतात माझे. वय वाढलं, वजन वाढलं, उंची कशी वाढली?"

"जाळी लोंबली असेल."

"एवढी लोंबत नाही गं. जा, ती खुर्ची आण."

लिंबूच्या पर्समध्ये एक वेळ रुमाल नसेल, पण टेप असणारच. शिडी खुर्चीवर चढली, टेपचं टोक माझ्या कडेला धरलं. खाली टेप संपली त्या पातळीवर लिंबूने खांबावर नखाने खूण केली आणि तिथून पुढे जमिनीपर्यंत मोजलं. मग सगळं पुन्हा एकदा मोजलं. वीतभर कमी! समोरच्या टोकाला जाऊन माझ्या बहिणीलाही मोजलं. तीही तेवढीच.

शिडी खुर्चीवरून उतरली आणि खालीच बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी भित्री नाही?"

"ते मला काय माहीत?" लिंबू म्हणाली. "पण आजवर जे हुकलं, त्यावरून तरी कुणी तसं म्हणू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मोठी सभाच भरली. प्राचार्य आले, मॅडम आल्या, सगळ्या पोरी जमल्या. प्राचार्य आताचे वेगळे होते, पण करंडकाची हौस तेवढीच. त्यांनी टेप पाहिली, मला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, अंतिम सामना आपल्याच मैदानावर आहे. एकच सामना. तो होऊन जाऊ दे, लगेच रिंग वर घेऊ. आत्ता कशाला हात लावायचा?"

"बरोबर आहे सर," एक पोरगी म्हणाली. "इतकी वर्षं चाललं, आणखी थोडे दिवस चालू दे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मॅडम टेपवरचे आकडे पुन्हा वाचत होत्या. खरं सांगते, मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. करंडक म्हणजे फोटो, फोटो म्हणजे मला नवा रंग. मोह कुणाला सुटलाय?

शिडी मागे उभी होती. ती पुढे आली. "सर, रिंग अशीच ठेवली तर मी सगळे फ्री थ्रो टाकीन. आपण जिंकूसुद्धा. पण मी खरी कशी आहे ते मला कधीच कळणार नाही. मला ते कळायला हवंय."

"अगं, पण हरलो तर?"

"तर हरलो, सर."

मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, वेल्डरला बोलवा. आजच."

खांब कापताना मी डोळे मिटून घेतले. मध्ये तुकडा जोडला, पुन्हा मोजलं आणि मी परत दहा फुटांवर आले. वरून सगळं ओळखीचं दिसलं. पोरींचे मात्र हाल झाले. एकीचाही नेम लागेना. चेंडू माझ्या पुढच्या कडेवर ठणाठण आपटायचे. "घ्या! आणखी खरं बोला!" असं शिडीला ऐकवून झालं. शिडी टाकत राहिली. तिचेही अर्धे बाहेरच जात होते.

अंतिम सामन्याच्या दिवशी पाहुण्यांचा संघ आला. त्यांचे प्रशिक्षक जाडजूड, मिशीवाले. सरावाला त्यांच्या पोरींनी चेंडू टाकले आणि सगळे आखूड! मिशीवाल्यांनी मान वर करून मला बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो मॅडम, रिंग वर केलीत?"

"हो. खाली होती."

"खाली होती ते माहीत आहे हो! सगळ्यांनाच माहीत आहे. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलीय. म्हणून तर आम्ही आमच्या रिंगा खाली घेऊन सराव करून आलो!"

मॅडमचा चेहरा पडला. इतकी वर्षं सगळ्या कॉलेजांत आपल्या पोरींना लबाड म्हणत होते आणि आपल्याला गंधवार्ता नव्हती. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग तक्रार का नाही केलीत?" मॅडमनी विचारलं.

"आमच्याकडे आलात की तुम्ही हरायचातच. तक्रार कशाला करू?" ते मोकळेपणाने हसले.

मॅडमही हसल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पंचांना सांगितलं, "सामना थोडा उशिरा सुरू करा. पाहुण्यांना दोन्ही रिंगांवर सराव करू द्या. पोरींनो, तोवर बाजूला व्हा."

प्राचार्यांनी डोळे वटारले. मॅडमनी तिकडे पाहिलंच नाही.

सामना अटीतटीचा झाला. दोन्ही संघ चुकत होते, दोन्ही सावरत होते. शेवटचे काही क्षण उरले तेव्हा पाहुण्या एका गुणाने पुढे होत्या आणि शिडीला धक्का लागून दोन फ्री थ्रो मिळाले. माझ्यावरच. लिंबू कुंपणाची जाळी घट्ट धरून उभी होती.

शिडीने पहिला टाकला. माझ्या कडेला न शिवता आत! बरोबरी झाली. मैदान दणाणलं. आता एक गेला की करंडक. तिने श्वास घेतला, गुडघे वाकवले आणि टाकला. चेंडू माझ्या पुढच्या कडेवर बसला, थोडा थरथरला आणि बाहेर पडला. मी होता होईल तेवढा जोर लावला, मित्रांनो. पण लोखंडाला वाकता येत नाही.

जादा वेळेत आम्ही दोन गुणांनी हरलो.

पोरी रडल्या. पाहुण्यांनी करंडक उचलला, पण निघायच्या आधी त्यांच्या सगळ्या पोरी रांगेने येऊन आमच्या पोरींशी हात मिळवून गेल्या. मी इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

मग मॅडम शिडीजवळ आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी तुला भित्री म्हटलं होतं. चुकलं माझं. आणि तो दुसरा फ्री थ्रो मनाला लावून घेऊ नकोस. रिंग नुकतीच वर घेतलीय, अजून हात बसलेला नाही—"

"नाही मॅडम," शिडी म्हणाली. "तो माझा हुकला. रिंगवर ढकलू नका."

मित्रांनो, जन्मभर मी दणके खाल्ले, पण माझी बाजू घेऊन कुणी असं बोललं नव्हतं. आता माझा रंग उडालाय, एक बोल्ट सैल झालाय. तुमच्या मैदानावरही माझ्यासारखी कुणीतरी असेल. तिला वर्षातून एकदा रंग लावा, बोल्ट आवळा आणि तिची उंची मोजा. एखाद्या पोरीचा चेंडू सारखा आखूड पडत असेल, तर तिला नावं ठेवायच्या आधी मोजा. आणि मोजूनही चूक तिचीच निघाली, तर तसं तिला तोंडावर सांगा. ती ऐकून घेईल. माझ्या पोरीने तर कुणी सांगायच्या आधीच कबूल केलं.