सादळलेलं वजन

काचेच्या त्या वजनकाट्याची पुतळाबाईला पहिल्याच दिवशी शिसारी आली. पायाखाली मेलेल्या माशासारखा गार, आणि खाली मान घातली की काचेतून आपल्याच तीन हनुवट्या वर बघत बसलेल्या. तरी ती दिवसातून एकेचाळीस वेळा त्याच्यावर चढायची. एकेचाळीस हा आकडा अर्नाळ्यात सगळ्यांना मान्य आहे. काही जण पन्नास सांगतात, पण त्यांना वाढवून सांगायची खोड आहे.

काटा घरात आला तो गुडघ्यांमुळे. पस्तीस वर्षं विरारच्या बाजारात मांडी घालून मासळी विकल्यावर पुतळाबाईचा उजवा गुडघा असा काही वाजायचा की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून समुद्राकडे पळायची. चैत्रात सून तेजस्वी तिला हाडांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. डॉक्टरीण वयानं पुतळाबाईच्या चपलेएवढी. तिनं गुडघा दाबला, फोटो बघितला आणि सांगितलं की गुडघा बदलायचा, पण आधी अठ्ठ्याण्णव किलोचे नव्वद करून आणा. जुलै संपायच्या आत आणलंत तर लगेच करू. आणि हो, वजन आठवड्यातून एकदाच बघायचं. रविवारी सकाळी उठल्याउठल्या, काही खायच्या-प्यायच्या आधी. आकडा कागदावर लिहायचा आणि पुढच्या रविवारपर्यंत विसरून जायचं.

जुलैची घाई पुतळाबाईला डॉक्टरणीपेक्षा जास्त होती. बाजारात तिसऱ्या खांबाला टेकून तिची जागा. शेजारी पाचूबंदरची सालोमी. पुतळाबाई घरी बसल्यापासून सालोमी त्या जागेवर रोज आपली रिकामी टोपली मांडून ठेवायची आणि कुणी टोपलीकडे नुसतं बघितलं तरी कोयता उचलायची. पण तिनंही सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत दम धरते, पुढं माझं कोन ऐकनार नाय. जुलैत गुडघा बदलला तर दिवाळीत पुतळाबाई उंच स्टुलावर का होईना, बसली असती. नाही तर जागा गेली. मुलगा कल्पेश समजूत घालायचा की आये, आता आराम कर, टीव्ही बघ. तो शब्द ऐकला की तिला उमासा यायचा. आराम करणाऱ्या बायका तिनं बघितल्या होत्या. दुपारभर ओट्यावर बसून त्या एकमेकींचे पाय किती सुजलेत ते सांगायच्या.

आता डॉक्टरणीनं आठवड्यातून एकदा म्हटलं असताना ही बाई एकेचाळीस वेळा का चढायची? तर तिच्या धंद्यात एकदाच तोलणारा माणूस चोर. गिऱ्हाइकानं परत तोल म्हटलं की परत तोलायचं, तिसऱ्यांदा म्हटलं की शिवी देऊन का होईना, पण तोलायचं. ज्याला पुन्हा तोलायची भीती, त्याच्या पारड्याखाली चुंबक असतोच. तेव्हा आठवड्यातून एकदा म्हणणारी डॉक्टरीण आणि तिची री ओढणारी सून, दोघींमध्ये काहीतरी शिजतंय याबद्दल पुतळाबाईला शंका उरली नव्हती.

मग ती तोलत सुटली. उठल्यावर, तोंड धुतल्यावर, चहाआधी, चहानंतर. नखं कापून, नथ काढून, नथ घालून. दहा दिवसांत तिला असे शोध लागले की मोठमोठ्या कॉलेजांतले लोक थक्क व्हावेत. शेजारणीशी कडाडून भांडलं की शंभर ग्रॅम उतरतात. भांडण मनात ठेवलं की दीडशे वाढतात. शिंक वीस ग्रॅमची. कल्पेशच्या सासऱ्यांचं कौतुक ऐकलं की पाव किलो चढतं, आणि ते दोन दिवस उतरत नाही. काचेवर तिच्या दोन्ही पावलांच्या खळग्या पडल्या. सांडलेलं पाणी त्यांत साचायचं आणि चिमण्या येऊन प्यायच्या.

उतरवायचं कसं, ते तेजस्वीनं लिहून भिंतीला लावलं होतं. सकाळी दुधीचा रस. त्याचा वास ओल्या गोणपाटासारखा आणि चव त्याहून वाईट. मग ओट्स नावाची लापशी. पुतळाबाईच्या मते पुठ्ठ्याचा खोका रात्रभर गटारात भिजवला की तसली लापशी तयार होते. एकदा तिनं वाटीभर कोंबड्यांना घातली. एक कोंबडी आठ दिवस अंडं घालायची थांबली, आणि नवव्या दिवशी घातलं ते इतकं हलकं की वाऱ्यानं उडून किल्ल्याच्या बाजूला गेलं. पुतळाबाई नाक दाबून सगळं गिळायची. तळलेलं सोडलं, भाताचा डोंगर सोडून टेकडी केली, भिंत धरून रोज अंगणाच्या दहा फेऱ्या मारल्या. आणि एवढं करून काट्यावर चढावं, तर काल सकाळी चौऱ्याण्णव, दुपारी पंच्याण्णव, आज परत पंच्याण्णव. रोज सकाळी त्या तीन हनुवट्या काचेतून तिला बघायच्या आणि तिला स्वतःच्या अंगाचाच वीट यायचा. नासका माल टोपलीत पडलाय आणि तो फेकताही येत नाही, असं काहीतरी.

जून लागला, होड्या वर ओढल्या गेल्या, समुद्र बंद. घरात उरलं ते सुकं आणि खारं. एका सोमवारी रात्री तिनं जवळ्याची चटणी आणि वाडगाभर पेज खाल्ली, एवढंच. मंगळवारी सकाळी काट्यानं एक किलो दोनशे जास्त दाखवले.

तिनं चुलीपुढं तेजस्वीला गाठलं. चटणीत तेल घातलंस म्हणाली. मग म्हणाली, पेजेत तूप. शेवटी म्हणाली की तुला माझी जागा जायलाच हवी आहे, म्हणजे घरात फुकटची मोलकरीण मिळेल. तेजस्वी आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, कारकुनाची मुलगी. बोटाएवढी मांदेली आणि हातभर मोरी या मासळीत फरक असतो तो फक्त भावाचा, अशी तिची समजूत. पण ती उलटून बोलली नाही. मिठामुळे अंगात पाणी राहतं, दोन दिवसांत उतरेल, रोज बघू नका, एवढंच ती म्हणाली. मांदेली न ओळखणाऱ्या बाईनं आपल्याला मीठ शिकवावं याची पुतळाबाईला एवढी चीड आली की तिनं त्याच पावली फळीवरचा लाडवांचा डबा काढला.

दोन दिवस ती खात होती. तांदळाच्या भाकऱ्या, तळलेला बोंबील, वरून शेवेचे लाडू. पहिल्या दिवशी चव तरी लागली. दुसऱ्या दिवशी तीही नाही. तोंडात तुपाचा गोळा फिरायचा, गिळताना ओकारी यायची, आणि हात डब्यातच. उतरत नसेल तर उपाशी मरायचं कशाला, असं ती डब्याला सांगायची. गुरुवारी ती काट्यावर चढली. शहाण्णव किलो शंभर. ती खाली उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि तेजस्वीला म्हणाली, "सालोमीला फोन लाव. टोपली उचल म्हनून सांगते."

तेजस्वीनं फोन हातात घेतला, पण नंबर शोधायला तिला एकाएकी फार वेळ लागायला लागला. तेवढ्यात दारात परेश उभा राहिला. परेशची आचोळ्यात खानावळ. मे महिन्यात त्यानं सुक्या बोंबलांची दहा किलोंची गोणी सांगून ठेवली होती. पुतळाबाईनं ती त्याच्यासमोर तोलून, तोंड बांधून माळ्यावर ठेवली होती. आता तो न्यायला आला होता.

तेजस्वीनं गोणी उतरवली. परेशनं पिशवीतून स्वतःचा हुकाचा काटा काढला, गोणी अडकवली आणि त्याच्या भुवया चढल्या. अकरा किलो. तो हसत म्हणाला की मावशी, आत दगड घातलेत की काय, आणि गोणी चाचपायला लागला.

पस्तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. पुतळाबाई गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. बाहेर सगळं ओलंचिंब, भिंतींना पाझर फुटलेला, कपड्यांना चार दिवसांचा कुबट वास. तिनं गोणीचं तोंड सोडलं आणि एक बोंबील काढून परेशच्या नाकापुढं धरला. बोंबील वाकला. सुका बोंबील कधी वाकत नाही, मोडतो.

"बघ. सादळलाय," ती म्हणाली. "मीठ हाय यात. मीठ पानी धरतं. ओल्या दिवशी सुका माल तोलून भाव करनारा येडा असतो. आज अकरा भरेल, उद्या साडेधा, परवा परत अकरा. रोज तोलशील तर डोक्याला हात लावशील. उघाडीच्या सकाळी तोल, दर खेपेला त्याच वेळी, धाच भरतील. अरे, मासं वाढत नाय. पानी वाढतं."

परेशनं हुक सोडवून काटा पिशवीत टाकला.  तेजस्वी सासूकडे बघत म्हणाली, "आई, मग तुम्ही स्वतःला रोज का तोलता?"

कोपऱ्यात काटा पडला होता. पुतळाबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. बोंबलाकडे बघितलं, तर तो तिच्या बोटांत निर्लज्जासारखा वाकून पडला होता.

तेजस्वीनं तोच फोन पुढं केला. चैत्रातल्या पहिल्या रविवारपासून सकाळी उठल्यावर सासू पहिल्यांदा काट्यावर चढली की ती मागून आकडा बघून फोनमध्ये लिहून ठेवत होती. दहा रविवार. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव सहाशे, सत्त्याण्णव दोनशे... मध्ये एकदा जागच्या जागी थांबलेलं, एकदा दोनशे ग्रॅम वर, पण बाकी खाली आणि खाली. शेवटचा रविवार त्र्याण्णव आठशे. म्हणजे चार किलोंवर उतरलं होतं, आणि त्या काळात तिनं किमान अडीच हजार वेळा वजन केलं होतं, आणि एकदाही तिला ते कळलं नव्हतं.

पुतळाबाईला फार किळस आली. लाडवांची, फोनची, मागून आकडे बघणाऱ्या सुनेची आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. आयुष्यभर गिऱ्हाइकांना शिकवलेली गोष्ट तिला आचोळ्याच्या पोरीनं परत विकली होती, आणि तीही दामदुपटीनं.

परेशला दहाच किलो लावून तिनं वाटेला लावलं. तेवढ्यात तेजस्वीच्या बोटानं चुकून फोन खरोखरच लागला होता असं दिसलं, कारण आतून सालोमी ओरडत होती की कोन हाय, बोलता का ठेवू.

"मी हाय, पुतळा," ती म्हणाली. "टोपली तितंच राहू दे." आणि कारण न सांगता तिनं फोन सुनेच्या हातात कोंबला.

काटा कपाटावर गेला. पहिला आठवडा वाईट गेला. पायांना सवय लागलेली, ते दिसेल त्या सपाट गोष्टीवर चढायचे. उंबऱ्यावर, पाट्यावर, नळाच्या दगडावर चढून पुतळाबाई खाली मान घालून उभी राहायची आणि आकडा उमटायची वाट बघायची. एकदा ती शेजारच्यांच्या झोपलेल्या म्हशीवर उभी राहिलेली दिसली म्हणतात. म्हैस हलली नाही, पण चार दिवस दूध आटलं. दुसऱ्या आठवड्यापासून पाय जमिनीवर राहायला लागले. दुधी तोच, लापशी तीच, शिसारी तीच. खारं मात्र तिनं आपणहून कमी केलं, आणि ते कुणी बोलून दाखवलं की ती अंगावर धावून जायची. रविवारी सकाळी तेजस्वी काटा खाली काढायची, पुतळाबाई डोळे मिटून चढायची, आकडा सून लिहायची, आणि दोघी त्याबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत.

जुलैच्या शेवटच्या सोमवारी दोघी हॉस्पिटलात गेल्या. तिथला काटा पुतळाबाईनं आधी वाकून निरखला. रबरावर केस चिकटलेले, प्लास्टरचे तुकडे, कुणाचं तरी सांडलेलं सरबत वाळून चिकट झालेलं. माशांच्या पारड्यावर एवढी घाण कुणी ठेवली असती तर बाजारातल्या बायांनी त्याला उभा चिरला असता. तिनं नर्सकडून फडकं मागून घेतलं, काटा स्वतः पुसला, फडकं दोन बोटांत धरून परत दिलं आणि मग चढली.

नव्वद किलो चारशे.

नर्सनं नव्वदच्या आत नाही म्हणत तोंड वाकडं केलं. तेजस्वीचा चेहरा उतरला. पुतळाबाईचा उतरला नाही. ती तयारीनं आली होती. नथ आहे, पाटल्या आहेत, काष्ट्याचं लुगडं पावसानं भिजलंय, नुसत्या ओल्या काठाचे चारशे भरतील. तुझा काटा सपाट फरशीवर नाही, चाक खाली कलंडलंय. यातलं एकही चाललं नाही तर दोन दिवसांची मुदत. भाव कुठून सुरू करायचा आणि कुठं सोडायचा, ते तिनं रिक्षातच ठरवलं होतं. हा सौदा हरून चालणार नव्हतं, कारण दिवाळी मुदत देणार नव्हती.

डॉक्टरणीनं काट्याकडे बघितलंच नाही. तिनं तेजस्वीचा कागद घेतला. त्यावर सतरा रविवार एकाखाली एक. तिनं बोट वरून खाली फिरवलं, मध्ये वर गेलेल्या ठिकाणी थांबली सुद्धा नाही.

"छान उतरत आलंय. मला हेच बघायचं होतं," ती म्हणाली. "मंगळवारी रक्त तपासून घ्या, बुधवारी ऑपरेशन."

नथ, पाटल्या, ओला काठ, पुतळाबाईनं रिक्षात ठरवलेला सगळा भाव तसाच राहिला.  तेजस्वी डोळे पुसत तिचा दंड धरून उभी होती. नर्स बुधवारच्या कागदावर अंगठा की सही विचारत होती. पुतळाबाईनं सही केली, पेन नर्सकडे फेकल्यासारखं दिलं आणि भिंत धरत बाहेर आली. पायरीवर थांबून तिनं मागं वळून त्या दाराकडे बघितलं आणि कुजका जवळा हुंगल्यासारखं नाक वर केलं.

"चारशे ग्राम," ती सुनेला म्हणाली. "एक शबूद न बोलता सोडले. असल्या बाईच्या हाती मी गुडघा देतेय."