वज्रेश्वरीमागची उतरण

आठ महिन्यांनी ताबिशने सायकल बाहेर काढली, तीही धाकट्या बहिणीच्या, सादियाच्या हट्टामुळे. त्याचे अब्बा, नूर मोहम्मद, उन्हाळ्यात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. भिवंडीतल्या नारपोलीच्या त्या घरात बापलेक दोघेच; खाली त्यांचे कापड विणायचे लूम, वर राहायच्या खोल्या. खाली धोटा अडकला की खाली पळायचं, वर अब्बांना कूस बदलून द्यायची वेळ झाली की वर. ताबिशचे आठ महिने त्या जिन्यावरच गेले होते.

रविवारी सकाळी सादिया सासरहून आली आणि म्हणाली, "भाई, आज मी आहे. तू जा. आणि दर अर्ध्या तासाला फोन करू नकोस."

अंबाडीच्या रस्त्याला शैलेश आणि हेमाली त्याची वाट बघत थांबले होते. हेमाली शाळेत पीटी शिकवायची. शैलेश वडपेच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर, रात्रीची ड्युटी संपवून थेट आलेला. ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. पूर्वी थंडीतला एकही रविवार या तिघांनी सोडला नव्हता. वज्रेश्वरीच्या मागच्या जंगलातून सायकली पिटाळायच्या आणि मग गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं.

या खेपेला जंगलाची वाट सुरू होईपर्यंतच ताबिशच्या मांड्या भरून आल्या. चढाला त्याने सगळे गिअर उतरवून पाहिले, तरी चाक पुढे जाईना. शेवटी तो उतरला आणि सायकल ढकलू लागला. शैलेशही उतरला. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. हेमाली वर जाऊन थांबायची, हे दोघे दिसले की पुन्हा पुढे निघायची.

उतारावर सागाची वाळकी पानं घोटाभर साचली होती. त्यांच्याखाली दगड होता. ताबिशचं पुढचं चाक त्यावर गेलं आणि तो सायकलीसकट आडवा झाला. मागचा गिअर वाकून स्पोकमध्ये घुसला.

"लागलं का?" शैलेश धावत आला.

"नाही."

"मग ऊठ की."

"उठतो. जरा थांब."

पण तो उठला नाही. पाठीखाली पानं गार होती, वर फांद्यांतून पांढरं आकाश दिसत होतं, आणि कुणी हाक मारत नव्हतं. त्याला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच मग लाज वाटली.

"शैलेश," तो तसाच पडून म्हणाला, "परवा अब्बांना पेज भरवत होतो. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मी ओरडलो त्यांच्यावर. खालच्या कारागिरांनी लूमच्या आवाजात ऐकलं, एवढ्या जोरात."

शैलेश शेजारी बसला.

"ते रडायला लागले रे. मी बघत उभा राहिलो. जवळसुद्धा गेलो नाही."

त्याने ताबिशच्या केसांतली पानं काढली, एकेक करून.

तेवढ्यात खालच्या वळणावरून आवाज आला, "ओ दादा! पडला का? लागला का?"

एक बाई लाकडाच्या मोळीशेजारी दगडावर बसली होती. ताबिश उठून शैलेशबरोबर तिच्यापर्यंत गेला.

"लागला न्हाय ना? मंग जरा हात लाव. डोकीवर दे."

तिने डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली आणि खाली बसली. दोघांनी दोन बाजूंनी मोळी धरली. पहिल्या झटक्यात ती जेमतेम हलली. दुसऱ्या खेपेला तिच्या डोक्यावर गेली आणि बाई मान ताठ ठेवून सरळ उभी राहिली.

"मावशी, एवढं ओझं एकटीने नेता?" ताबिशने विचारलं.

"न्यायला येतं, एकटीला उचलाया येत न्हाय. रोज जिव्या देतो उचलून, माझा नवरा. तो वीटभट्टीवर गेलाय. कवाची बसलेय, कोन येतंय का बघत."

"आणि कोणीच आलं नसतं तर?"

"येतो की कोन ना कोन. हाका मारीत ऱ्हायचं." ती चालू लागली. "गाडी मोडली ना तुमची? या माझ्यामागं. पाड्यावरून सडक जवल हाय."

तिचं नाव कमळा होतं. हेमालीला हाक मारून त्यांनी मागे बोलावलं, आणि तिघं सायकली ढकलत कमळाच्या मागून निघाले. तिची पावलं त्यांच्यापेक्षा भराभर पडत होती. ताबिशने आपली सायकल शैलेशच्या जवळ आणली.

"शैलेश, शुक्रवारी दुपारी येशील का घरी? तासभर. मी नमाजाला जाऊन येईन. अब्बांपाशी कुणी नसतं, म्हणून जातच नाही मी."

शैलेश थांबला. "आठ महिन्यांनी सांगतोस?"

"तोंडच उघडत नव्हतं."

"मी तरी कुठे विचारलं," शैलेश म्हणाला. "येतो."

"बुधवारी शाळा सुटल्यावर मी," हेमाली मागून म्हणाली.

कुंडावर त्या दिवशी कुणी गेलं नाही. सडकेला एक रिकामा टेम्पो मिळाला. सायकली मागे टाकून तिघं त्यांना टेकून बसले आणि भिवंडीपर्यंत आले.

शुक्रवारी ताबिश मशिदीतून परतला तेव्हा वरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने ते हळूच उघडलं. शैलेश प्लास्टिकच्या खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपला होता. रात्रभर गोडाऊनमध्ये ट्रक उतरवून घेतले होते त्याने.

अब्बा मात्र जागे होते. त्यांची नजर शैलेशवरच होती. ताबिशला दारात पाहिल्यावर त्यांचा डावा हात गोधडीतून सावकाश बाहेर आला, वर गेला, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

ताबिश चपला हातात घेऊन तिथेच उंबऱ्यावर बसला.