कोपऱ्यातला शिक्का

ताईच्या त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं काय, हेच मला ठाऊक नव्हतं.

ताई जर्मनीत परिचारिका होती. ती निघाली तेव्हा मी तिला एकच सांगितलं होतं, "तिकिटांवर फुलं, पूल, किल्ले नकोत. माणसं पाठव." आणि ती पाठवत राहिली: केप्लर, बाख, किडे न्याहाळणारी मेरियन. पत्र आलं की मी आधी तिकीट बघायचो, मग मजकूर. त्या दिवशी पियानो वाजवणारी क्लारा शुमान आली. ती माझ्याकडे नव्हती. अधीरपणे मी कार्ड तसंच कोमट पाण्यात सोडलं. तिकीट सुटेपर्यंत शाईनं पाणी निळं झालं होतं. कार्डावर उरलं होतं एवढंच: "...येशील का? निदान..."

छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर काना-मात्रा तपासत वाचला. बहिणीचा मात्र न वाचताच धुतला.

विचारलं असतं, तर हे सांगावं लागलं असतं. पुन्हा लिहील, म्हणून थांबलो. ती त्यावर पुन्हा काही बोलली नाही. त्याच हिवाळ्यात तिचा नवरा गेल्याचं दुसऱ्याकडून कळलं. आता फोनवर आम्ही गुडघेदुखी आणि हवापाणी बोलतो.

परवा दातांचे डॉक्टर आले होते. तेही तिकिटं जमवतात. भिंगातून माझ्या वहीची पानं बघताना ते मध्येच थांबले.

"कोण पाठवायचं हो हे?"

"थोरली बहीण."

"भलतीच हट्टी दिसते. एकाही चेहऱ्यावर शिक्का नाही बघा. सगळे कोपऱ्यात. हे आपोआप होत नाही महाराजा, दर वेळी पोस्टाच्या खिडकीवर उभं राहून सांगावं लागतं. माझा मेहुणा पाठवतो ना, सगळ्यांची तोंडं काळी."

मी बघतच राहिलो. ताईला तेव्हा जर्मन धड येत नव्हतं. फोन उचलायलाही ती घाबरायची.

"अजून पाठवतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता... वय झालं तिचं."

आतून चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "वय नाही झालं. हेच लिहीत नाहीत."

डॉक्टर गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात माझा स्वभाव, तेव्हाची परिस्थिती, असं बरंच होतं. बायकोनं चष्मा लावून वाचलं.

"बहिणीला लिहिताय की पुस्तकाला प्रस्तावना?"

फाडलं. दुसरंही फाडलं. तिसरं तिच्यापुढे ठेवलं:

"ताई, तू 'येशील का' लिहिलेलं कार्ड मी न वाचता पाण्यात टाकलं होतं. मला तिकीट हवं होतं. बाकीचं पुसलं गेलं. लाजेनं विचारलं नाही. तू काय लिहिलं होतंस?"

"एवढंच?" बायको म्हणाली.

"कमी वाटतं?"

तिनं पाकीट पुढे सरकवलं.

पोस्टाच्या पेटीत पाकीट अर्धं सरकवलं आणि हात तिथेच थांबला. तिला आठवत नसेल तर? आणि आठवत असेल तर?

"काका, झालं असेल तर सरकता का जरा?" मागून कुणीतरी म्हणालं.

मी बोटं सोडली. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज आला. मी बाजूला झालो.