शुक्रवारचा साक्षीदार

मयुरा घाटे यांनी वकिलीची सनद परत केली, तेव्हा नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. फौजदारी खटल्यांत बावीस वर्षं घासून मिळवलेलं नाव. त्यांनी उलटतपासणी सुरू केली की शेजारच्या कोर्टातले वकील दारात येऊन उभे राहत. आणि या बाई लॉ कॉलेजात शिकवायला निघाल्या! पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, त्यामुळे परतीचा रस्ता सोपा नव्हता.

"डोकं फिरलंय तुझं," दत्तोपंत म्हणाले होते. मयुरा त्यांच्याच रामदासपेठेतल्या ऑफिसात ज्युनियर म्हणून घडली होती.

"सर, खटला जिंकल्यावर मला जेवढा आनंद होतो ना, त्याहून जास्त आनंद माझा ज्युनियर जिंकला की होतो. आता त्याचंच काम करते."

पहिला महिना मात्र वाईट गेला. मयुराताई पुराव्याचा कायदा कलमाकलमाने सांगत आणि मुलं बाकाखाली मोबाईल बघत. कोर्टात जांभई देणाऱ्या न्यायाधीशाला जागं करण्यात त्यांचा हातखंडा होता, तो इथे चालेना. एका शुक्रवारी त्यांनी पुस्तक मिटलं आणि खुर्ची वर्गाच्या मधोमध ओढली.

"मी साक्षीदार. गांधीबागेत माझं साड्यांचं दुकान आहे. समोरच्या दुकानातून चोर पळताना मी स्वतः पाहिला, असं मी शपथेवर सांगते. खोटं बोलतेय. पकडा."

मुलं तुटून पडली. मयुराताईंनी एकेकाला हसत हसत गुंडाळलं. बाकाखालचे मोबाईल खिशात गेले. पुढचे कितीतरी शुक्रवार हाच साक्षीदार उभा राहिला, आणि कोणालाच सापडला नाही.

दत्तोपंत एकदा मुद्दाम कॉलेजात आले. एक मोठा खटला हातात होता, मयुरा परत आलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. शुक्रवार होता. ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

त्या दिवशी काजल उठली. काटोलकडच्या खेड्यातली मुलगी, शहरातल्या नंदनवन वस्तीत खोली घेऊन राहायची, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिने इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडली. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"साक्षीदार मराठी बोलतो," मयुराताई शांतपणे म्हणाल्या. "त्याला मराठीतच विचार. तुझ्या मराठीत."

काजलने ओढणी सारखी केली. "तुम्ही तवा काय करून राहिले होते?"

"गिऱ्हाइकाला साडी दाखवत होते."

"तुम्ही बसून होते का उभ्या?"

"गादीवर बसले होते."

"अन् गिऱ्हाईक?"

"उभी होती. साडी उजेडात बघत होती."

"उजेड रस्त्याकडूनच येते ना दुकानात?"

"हो."

"म्हणजे साडी पुरी उघडून, दोन्ही हातानं धरून, ते बाई तुमच्या अन् रस्त्याच्या मधात उभी होती?"

"हो," मयुराताईंना म्हणावंच लागलं.

वर्ग उसळला. "विचार ना! मग चोर दिसला कसा, विचार!"

काजलने मान हलवली. "नाही. मले अजून काही विचारायचं नाही." आणि ती खाली बसली.

मयुराताई खुर्चीवरून उठल्या. आजवर प्रत्येकाने तो शेवटचा प्रश्न विचारला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांनी सुटकेची वाट काढली होती. आरसा होता, गिऱ्हाईक वाकलं होतं, काहीही. या मुलीने वाटच ठेवली नाही. कुठे थांबायचं हे शिकायला त्यांना स्वतःला सहा वर्षं लागली होती.

"साक्षीदार हरला," त्या म्हणाल्या. टाळ्यांनी भिंती दणाणल्या. मघाशी हसलेला मुलगा सगळ्यात जोरात वाजवत होता.

तास संपल्यावर दत्तोपंत पुढे आले. खटल्याचं नावही त्यांनी काढलं नाही.

"ही पोरगी मला दे."

"आधी पदवी घेऊ द्या. मग कुठे जायचं ते तिचं ती ठरवेल."

"आणि तू?"

"मी माझ्या जागेवर आहे, सर. तुम्ही पुढच्या शुक्रवारी या. मी हरले, आता साक्षीदार तुम्ही."

दत्तोपंतांनी पन्नास वर्षं साक्षीदारांना घाम फोडला होता. त्यांनी काजलकडे पाहिलं, मग मयुराकडे, आणि खळखळून हसले.

"येतो," ते म्हणाले. "पण जरा तयारी करून येतो."