ऐकू जाईल असा पुकारा

आमच्या कोर्टात पुकारा करणाऱ्या शिपायाला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला त्याचा राग नव्हता. पक्षकाराचं नाव तो दारात उभा राहून तीनदा पुकारायचा. पहिला पुकारा व्हरांड्यासाठी, दुसरा जिन्यासाठी आणि तिसरा फाटकाबाहेर चहा पीत बसलेल्यांसाठी, असा त्याचा हिशोब. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आलं नाही की साहेब मान हलवत, मी 'गैरहजर' असं टाइप करी, आणि त्या माणसाचं प्रकरण निकालात निघे.

मी या कोर्टाची स्टेनो. साहेब बोलतील ते उतरवून घ्यायचं आणि स्वतः तोंड उघडायचं नाही, अशी ही नोकरी. त्यातलं पहिलं मला उत्तम जमतं.

साथ आली आणि व्हरांडा ओस पडला. वरून आदेश आला की सुनावण्या यापुढे संगणकावर घ्या. आदेश काढणाऱ्याचं काय जातं? आमच्याकडे खुर्ची मोडली तर नवी यायला वर्ष लागतं, आणि इथे आठवड्यात कॅमेरा, माइक, दोन संगणक आणि एक टॅब हजर. शिरस्तेदारांना अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंगही झालं. शिरस्तेदार म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक कागदाचे आणि टाचणीचे मालक. टॅब आल्या आल्या त्यांनी त्याच्या पाठीवर ऑइलपेंटने नंबर घातला, कारण सरकारी वस्तूला नंबर नसला की त्यांना झोप येत नाही.

ट्रेनिंगमध्ये त्यांना सांगितलं होतं की लोक आधी प्रतीक्षा कक्षात थांबतील, तुम्ही नावापुढचं बटण दाबलंत की ते आत येतील. शिरस्तेदारांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. प्रतीक्षा कक्ष म्हणजे आपला व्हरांडा. व्हरांड्यातला माणूस आत कधी येतो? पुकाऱ्याला ओ दिल्यावर. तेव्हा आधी पुकारा, ओ आली की बटण. आम्ही सगळे त्या इमारतीतच केस पांढरे केलेले. कोणालाच यात काही वावगं दिसलं नाही.

भोंगा तर खूश झाला. साथ आल्यापासून तो तोंड पाडून बसला होता. मास्क लावून ओरडायचं कसं आणि ओरडायचं कोणासाठी, असं येताजाता विचारायचा. आता त्याला माइकसमोर खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि त्याने घसाही खाकरून घेतला.

त्या दिवशीच्या कामांत समोरच्या इस्पितळातल्या एका नर्सचा अर्ज होता. इस्पितळ आमच्या फाटकासमोरच, मधे फक्त रस्ता. ही बाई साथीच्या वॉर्डात काम करायची. नवऱ्यापासून वेगळी झालेली. दुसरीतली मुलगी काही दिवस हिच्याकडे, काही दिवस त्याच्याकडे, असं आधी बरं चाललं होतं. साथ आल्यावर त्याने मुलीला ठेवून घेतलं. तू रोग घरी आणशील, म्हणाला. तिने तेही मान्य केलं, कारण भीती तिलाही होतीच. पण आता तो दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन लांबच्या गावी भावाकडे निघाला होता. एकदा तिकडे गेला की रस्ते कधी उघडतील आणि पोर कधी परत येईल, कोणी सांगावं?

अर्ज मीच फाटकावर घेतला होता. ती गजांपलीकडे उभी होती. सवयच असावी, एका पायाचं पाऊल दुसऱ्यावर टेकवून. चेहऱ्यावर मास्कचे वळ उठले होते.

"जवळ घ्यायला मिळालं नाही तरी चालेल, ताई. लांबून चालेल. पण ती डोळ्यांना दिसली पाहिजे," एवढंच ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की वेळेवर हजर राहा. साथीत कोर्टं पाळीपाळीने भरत; आमची पाळी सुनावणीच्याच दिवशी संपत होती, आणि पुढची पाळी कधी ते वरच्यांनाच ठाऊक होतं.

सकाळी काम सुरू झालं. भोंग्याने तिचं नाव पुकारलं, सावकाश, तीनदा. पडद्यावर नवरा होता, त्याचे वकील होते. वकीलसाहेबांनी आधीच शिरस्तेदारांना फोन करून दोघांना आत घ्यायला लावलं होतं. फोन करायला ओळख लागते, ती त्यांच्याकडे होती. नर्सची ओ काही आली नाही. साहेबांनी थोडं थांबून मान हलवली. अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली. मी टाइप केलं आणि मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावले. एवढी काकुळतीला येऊन सांगून गेली आणि आयत्या वेळी कुठे उलथली?

त्या दिवशी गैरहजर फार निघाले. जेवणाच्या सुट्टीआधीच बोर्ड, म्हणजे दिवसाच्या कामांची यादी, संपला. शिरस्तेदार हात चोळत म्हणाले की साथ वाईट खरी, पण कामाचा उरक बघा. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. जी माणसं एका तारखेसाठी आमच्या पायऱ्या झिजवत, ती सगळी एकाच दिवशी बरी झोपून राहिली? मी उठले, शिरस्तेदारांच्या हातातला माउस जवळजवळ हिसकावला. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा आकडा लुकलुकत होता. तो काय आहे, विचारलं. ते म्हणाले, असतंच ते, सकाळपासून आहे.

मी त्यावर टिचकी मारली आणि नावांची रांग उघडली. सकाळचे सगळे गैरहजर तिथे ओळीने बसले होते.

या लोकांना भोंग्याचा आवाज गेलाच नव्हता. आम्ही बंद दाराच्या आत बसून आतल्या आत पुकारा करत होतो, आणि ती माणसं बाहेर 'कृपया थांबा' या पाटीकडे बघत इमानदारीत थांबली होती. एकटी नर्स तेवढी नव्हती. तिच्या नावापुढे, निघून गेली, असं होतं. तिची ड्युटी दुपारी सुरू व्हायची.

शिरस्तेदारांची पाचावर धारण बसली. त्यांनी सारवासारव करायला तोंड उघडलं, पण मी तोवर साहेबांच्या खोलीत पोचले होते. आमचे साहेब कमी बोलणारे, हसणं तर महिन्याकाठी. त्यांनी चमचा खाली ठेवून सगळं ऐकलं, मग रुमालाने तोंड पुसलं.

"म्हणजे आपणच गैरहजर होतो," ते म्हणाले.

सुट्टी तिथेच संपली. एकेकाला आत घेतलं. एक आजोबा खुर्चीतच घोरत होते, एका बाईने कोर्टाची अशी काही हजेरी घेतली की साहेबांनी ती मुकाट्याने ऐकून घेतली. प्रत्येकाचं काम पुन्हा उभं राहिलं. उरली नर्स. तिचा मोबाइल बंद, कारण वॉर्डात मोबाइल नेता येत नव्हता. इस्पितळाचा फोन सतत गुंतलेला. साहेबांनी नवऱ्याला आणि वकिलांना पुन्हा बोलावलं. वकील म्हणाले की हुकूम झालेला आहे, आता तिने नवा अर्ज करावा. कायद्याने ते फारसं चुकीचंही नव्हतं, आणि त्यामुळेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब माझ्याकडे वळले. "टाइप करा. ज्याचं नाव घेतलं त्याला ऐकू गेला नाही, तो पुकारा झालाच नाही. सकाळचा हुकूम मागे घेतला. अर्जदाराचा पुकारा पुन्हा करावा." मग त्यांनी भोंग्याकडे पाहिलं. "या वेळी तिला ऐकू जाईल असा."

भोंग्याला जास्त सांगावं लागलं नाही. तो निघाला, मी टॅब घेऊन त्याच्या मागे. टॅबवर साहेब, वकील आणि नवरा तिघेही दिसत होते, आणि मागून शिरस्तेदार ओरडत होते की नंबराची वस्तू आवाराबाहेर जाते आहे, सही करा.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर साथीचा वॉर्ड. तिथल्या खिडकीतून एक दोरी लोंबत होती आणि दोरीला बादली. पेशंटचे नातेवाईक खाली येऊन त्यात कपडे, फळं ठेवत आणि वरचे ओढून घेत. भोंगा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मास्क काढण्याआधी त्याने मला पार पलीकडच्या कडेला पिटाळलं. मग छाती भरून घेतली.

इतकी वर्षं मी त्याचा आवाज आतून ऐकला होता, पाठीमागून. समोरून पहिल्यांदा ऐकला. नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि शेवटी ते लांबवलेलं 'हाजिर हो'. पहिल्या पुकाऱ्याला कबुतरं उडाली. दुसऱ्याला दोन-चार खिडक्या उघडल्या. तिसरा त्याने अर्धाच केला होता.

"हजर," वरून आवाज आला. "हजर आहे, हजर आहे."

खिडकीत डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये गुंडाळलेली एक आकृती होती. खाली येता येत नाही, तिने खुणेने सांगितलं. भोंग्याने बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी टॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी बादलीत ठेवली, आणि आमचं कोर्ट दोरीला लटकून वर निघालं. माझ्या फोनवरही सुनावणी चालू होती, त्यात मला भिंत, पाइप आणि आभाळ गरगरताना दिसत होतं. साहेबांनी आपली खुर्ची घट्ट धरली होती. ते कोर्टात बसले होते, त्यांना काही होणार नव्हतं, तरी धरली होती.

तिने टॅब खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला आणि मागे सरकून उभी राहिली. वकील तयारच होते. चेहरा झाकलेला, डोळ्यांवर चष्मा, आवाज मास्कआडून. ही अर्जदारच कशावरून? साहेबांनी विचारलं की किट काढता येईल का. ती म्हणाली की इथे नाही येत, साहेब, आतमध्ये पेशंट आहेत.

मी खाली रस्त्यात उभी राहून दात-ओठ खात होते. मी तिला ओळखत होते का? फाटकावर एकदा पाहिलं होतं, तेही मास्कमध्ये. शपथेवर मी काय सांगणार होते?

तेवढ्यात नवऱ्याच्या चौकटीत, त्याच्या खांद्यामागून, दोन वेण्या वर आल्या.

"आईच आहे ती," मुलगी म्हणाली. "बघा ना, पायावर पाय देऊन उभी आहे."

खरंच, त्या पांढऱ्या ढगळ किटमध्येही एक पाऊल दुसऱ्यावर टेकलेलं होतं. वकील म्हणाले की लहान मुलीचं म्हणणं पुरावा धरता येत नाही आणि तिने इथे असायलाच नको. साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं आणि नवऱ्याला सरळ विचारलं, तुम्ही सांगा, कोण आहे ही? तो माणूस पडद्याजवळ सरकला. त्याने बायकोला त्या वेषात कधी पाहिलंच नव्हतं. वॉर्डात काम करते म्हणजे काय करते, हे त्याला त्या क्षणापर्यंत फक्त शब्दांनी माहीत होतं.

"तीच आहे," तो म्हणाला. वकील काही बोलू लागले, तसा पुढे म्हणाला, "राहू द्या, साहेब. आम्ही उद्या जात नाही."

नर्सने दोन्ही हात तोंडाकडे नेले, पण मधे किटची चेहऱ्यावरची काच होती, ते काचेवरच थांबले. डोळे पुसायचीसुद्धा सोय नव्हती त्या किटमध्ये. मी मात्र रस्त्यात उभी राहून पोटभर रडले, आणि मला कोणी बघतंय का याची फिकीर केली नाही.

हुकूम साधा झाला. मुलगी इथेच बापाकडे राहील, आणि दर रविवारी बापाने तिला आमच्या फाटकाशी आणायचं. रस्त्याच्या या कडेला मुलगी, पलीकडे तिसऱ्या मजल्यावर आई. टॅब निर्जंतुक होऊन परत आला, तेव्हा पाठीवरचा नंबर औषधाने पार पुसून गेला होता. शिरस्तेदारांनी तो पुन्हा घातला, पण आता पुकाऱ्याआधी ते कोपऱ्यातला आकडा उघडतात, माणसाला आत घेतात आणि मग भोंग्याकडे बघतात. आतल्या माणसाला पुकारायचं कशाला, असं भोंगा पहिले काही दिवस कुरकुरला.

रविवारी मला सुट्टी असते, तरी मी गेले. मुलगी फाटकाशी वर बघत उभी होती, बाप जरा मागे, आणि सुट्टी असून भोंगाही आला होता. तिने आईला हाक मारली, पण तिचा आवाज रस्ताही ओलांडेना. मग ती भोंग्यापाशी गेली, मधे अंतर ठेवून, आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोलवा ना."

त्याने मास्क काढला आणि पहिला पुकारा केला. आई खिडकीत आलीसुद्धा, दोन्ही हात हलवू लागली. मुलगी उड्या मारायला लागली. आता बस झालं, असं मी त्याला म्हणाले.

"पद्धत आहे, ताई," भोंगा म्हणाला, आणि त्याने उरलेले दोन्ही पुकारे केले.