उंदरांचा वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. आयुष्यभर मी उंदरांची वजने केली. हसू नका. भांड्यात बसवलेला उंदीर क्षणभर तरी गप्प बसेल याची वाट पाहणे, हे येरागबाळ्याचे काम नाही.

आमच्या प्रयोगशाळेत लठ्ठपणाचा अभ्यास चालतो. तिथल्या संशोधक ताईंनी उंदरांचे दोन गट केले होते. एका गटाला चरबी घातलेल्या मऊ गोळ्या मिळत, दुसऱ्याला साध्या, कडक. पहिला गट दुसऱ्यापेक्षा किती सुटतो, ते ताडून पाहायचे होते. पिंजऱ्यांची निगा मामा राखत. सगळेच त्यांना मामा म्हणत आणि ते उंदरांनाही भाचरांसारखे वागवत.

ताई मला रोज फडक्याने पुसत. “आमचा काटा एकवचनी आहे,” असे कौतुकाने सांगत. पण पुढे साध्या गोळ्या खाणारे उंदीरही गुबगुबीत होऊ लागले. दोन्ही गटांत फरकच उरेना. ताईंचा सगळा प्रबंध त्या फरकावर उभा होता. मग काय, वड्याचे तेल वांग्यावर निघाले.

“हा काटाच बिघडलाय, मामा. भंगारात देऊन टाका,” ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला फार वाईट वाटले.

मामांनी मला उचलले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

“काटा बरोबर आहे, ताई. मीच साध्या गोळ्यावाल्यांना गुपचूप मऊ गोळ्या देत होतो. शेजारचे मिटक्या मारतात आणि ही बिचारी नुसती बघत बसतात. बघवत नव्हतं हो.”



“मामा, ती काय उपाशी होती का? पोटभर खात होती.”

“कळतं हो. पण वळत नाही.”

ताईंना रागातही हसू आले. “आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार. आणि वजनं तुम्हीच करायची.”

नवे उंदीर आले. वजन झाले की मामा प्रत्येकाला तळहातावर घेत आणि पाठीवरून हात फिरवत. उंदीर बोटे हुंगत, खाऊ सापडत नसे, तरी तिथेच अंग मुडपून बसत. या वेळी दोन गटांतला फरक स्पष्ट दिसला आणि ताईंचे काम तडीस गेले.

आता माझी स्प्रिंग थकली आहे. मी कपाटावर असतो आणि मामा जाता-येता माझ्यावरची धूळ झटकतात. मित्रांनो, खरे सांगणाऱ्याला अडगळीत टाकू नका. आणि लाड करायचेच असतील तर पाठीवरून हात फिरवून करा. त्या हाताचे वजन माझ्यावर कधीच उमटले नाही.