सुकलेल्या फुलाचा रंग

सौदामिनीनं दोन लाकडी फळ्यांमध्ये जुने उर्दू अखबार रचले आणि चामडी पट्टा आवळला. तिच्या वडिलांनी, आण्णांनी, ते ओझं खांद्याला लावलं. ते अहमदपूरच्या शाळेत मास्तर. सुट्टी मिळाली की रानातली रोपं आणून, दाबून, सुकवून हैदराबादच्या कॉलेजात पाठवायचे.

"यंदा राहू द्या, आण्णा. गुडघा दुखून राहिला तुमचा."

"पांढरं फूल काय दारात चालत येणार हाय?"

टांग्यावरून गफूरचाचा हसला. "नऊ साल झाले, मास्तर. आता माझी घोडी बी फूल दिसलं की थांबते."

सौदामिनी हसली नाही. बारा वर्षांची असताना जळकोटच्या माळावर तिनं स्वतः खुडलेल्या एका रोपाची, नमुन्याखाली डकवायची चिठ्ठी तिनंच लिहिली होती. रंग उडतो, म्हणून चिठ्ठी त्याच दिवशी लिहायची, हा आण्णांचा नियम. ती खेळात विसरली. महिन्यानं कागद उघडून दिसलं तसं लिहिलं: फूल पांढरं. आण्णा हरखले, ते रोप तर एरवी जांभळ्या फुलाचं; हा नवाच प्रकार. प्रोफेसरांनी कळवलं, ताजं फूल दाखवा, मग मानू. तेव्हापासून दर भादव्यात आण्णा माळ तुडवत होते.

पुढच्याच वर्षी तिनं एक जांभळं फूल गुपचूप भूगोलाच्या पुस्तकात दाबून पाहिलं. ते पांढरं पडलं. पुस्तक तिनं माळ्यावर टाकलं.

यंदा मात्र आण्णा दुसऱ्याच दिवशी दुपारी परतले.

"मिळालं?"

"पाहिजे ते मिळालं," म्हणून ते तिच्याकडे बघत उभे राहिले. ती पाणी आणायला आत गेली.

तिसऱ्या दिवशी त्यांना हिव भरलं. पाचव्या दिवशी ते गेले.

तेरावं झाल्यावर गफूरचाचा येऊन ओट्यावर टेकला. कोपऱ्यातल्या फळ्यांकडे त्याची नजर गेली.

"कागद बदलले न्हाईस, बेटी. सडून जाईल सारं." मग हळूच म्हणाला, "यंदा मास्तर हुडकत बसलेच न्हाईत. उतरले, म्होरचं जांभळं फूल खुडलं, अन् म्हणाले, चल माघारी."

तिनं पट्टा सोडला. एकाच कागदावर दोन फुलं होती. एक जांभळं, कडांनी फिकं होत चाललेलं. दुसरं जुनं, पांढरं. त्याच्या पाकळीवर तिच्या भूगोलातल्या नकाशाच्या निळ्या शाईचा डाग. खाली आण्णांचं अक्षर: 'फूल जांभळं. सुकल्यावर पांढरं पडतं. आधीच्या नमुन्याची नोंद चुकीची. चूक माझी.'

गफूरचाचाला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझी चूक होती, आण्णा," ती मोठ्यानं म्हणाली. "चिठ्ठी मी महिन्यानं लिहिली."